सातवं जॅकेट

सुबोधने खांदा लावून लोखंडी दार ढकललं. दार चार बोटं सरकलं आणि अडलं. फटीतून गार वारा आणि पांढरा उजेड एकदमच आत शिरला. त्याने पाय रोवून पुन्हा जोर लावला, पण दार ढिम्म हललं नाही.

"ढीग लावलाय दारात," तो म्हणाला. "गारांचा. कमरेएवढा असेल."

अर्चना त्याच्या मागे पायरीवर उभी होती. ड्यूटीचा गणवेश, त्यावर जाड कोट, खांद्याला डब्याची पिशवी. हॉस्पिटलची बस पावणेसातला मोठ्या रस्त्यावर येते आणि कुणासाठी थांबत नाही. सहा पस्तीस झाले होते.

"कुणी लावला?"

"बलदियाच्या लोकांनी, आणखी कुणी? नगरपालिका म्हटली की इथून तिथून सारखीच. रस्ता साफ करायचा आणि घाण दुसऱ्याच्या दारात."

काल दुपारी अबहात तासभर गारा कोसळल्या होत्या. सौदीत गारा म्हटलं की गावाकडचे लोक फोनवर हसतात, पण हे शहर डोंगरावर आहे आणि इथल्या हिवाळ्याला वाळवंटाशी काही देणंघेणं नसतं. उतारावरची गल्ली घोट्याच्या वर भरली, रात्रीत गोठली, आणि सकाळी बलदियाचा लोडर, ज्याला इथे सगळे शेवल म्हणतात, तो थर खरवडत वरून खाली आला. इमारत तीन मजल्यांची. तळमजल्यावरचं इजिप्शियन कुटुंब सुट्टीला जेद्दाला गेलेलं, मधला मजला रिकामा, आणि बाहेर पडायला हे एकच दार. म्हणजे आपण दोघं आणि वर झोपलेली लेक, असे तिघं कोंडले गेलो, हे सुबोधच्या लक्षात आलं आणि त्याला हसू आलं. तो दोन वर्षं असाच कोंडलेला होता. आज फक्त कारण डोळ्यांना दिसत होतं.

"हसतोस काय?" अर्चना त्याला बाजूला सारून पुढे झाली आणि फटीला तोंड लावून ओरडली, "ओ भैया! इधर दरवाजा है, दिखता नहीं क्या? अंदर आदमी लोग रहते हैं!"

बाहेरची घरघर थांबली. कुणीतरी उडी मारून उतरलं. फटीत एक चेहरा आला, माकडटोपीतून निघालेली पांढरी दाढी आणि थंडीने लाल झालेलं नाक.

"सॉरी मॅडम. धुंद में दिखा नहीं. दो मिनट."

"दो मिनट में मेरी बस जाएगी," अर्चना म्हणाली, आणि सुबोधकडे वळून तिने मराठीत पुस्ती जोडली, "या लोकांना अक्कल कधी येणार, देव जाणे."

"येल मॅडम," फटीतला माणूस म्हणाला. "हळूहळू येल."

अर्चनाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. परदेशात मराठी म्हणजे आपल्या माणसांची कुलपाची भाषा, अशी आपली समजूत असते. बसमध्ये, दुकानात, लिफ्टमध्ये शेजारच्या माणसाबद्दल त्याच्याच शेजारी उभं राहून आपण काय वाटेल ते बोलतो, आणि शंभरात एकदा शेजारचा म्हसळ्याचा निघतो. हा म्हसळ्याचाच होता.

"सिराजुद्दीन," खोऱ्याने गारा उपसता उपसता त्याने नाव सांगितलं. "सव्वीस वर्षं हाय इथं. आधी रियाधला होतो, मंग ह्या डोंगरावर. तुमी पाय सांभाळा मॅडम, गुळगुळीत झालंय."

दार एक माणूस जाईल इतकं उघडलं. अर्चना अंग चोरून बाहेर पडली, थांबली, म्हणाली, "माफ करा हं, चाचा. घाईत बोलून गेले."

"चालतंय. लोक तर ह्याच्याहून काय काय बोलतात."

सुबोध तिच्यामागून दारात आला होता. मुकादम सिराजुद्दीनच्या मागे त्याच्या टोळीतली पाच माणसं केशरी जॅकेटं घालून खोरी ओढत होती. बहुतेक चितगावकडची, गळ्याला मफलर, पायात रबरी बूट, आणि त्यांतल्या दोघांच्या हातात मोजे नव्हते. अर्चनाने सुबोधची नजर कुठे आहे ते पाहिलं. नवऱ्याला ती चौदा वर्षं ओळखत होती.

"तू वर जा," ती हळू आवाजात म्हणाली. "निधीचा ऑनलाइन वर्ग सुरू होईल आठला. आणि खोऱ्याला हात लावू नकोस."

"मी कशाला लावतोय?"

"शंकर फक्त दोन तास बसला होता, सुबोध. दोन तास."

ती भराभर चढ चढून गेली. सुबोध तिच्याकडे बघत राहिला.

शंकरचं नाव त्यांच्या घरात कुलदैवतासारखं वारंवार निघायचं. शंकर मिरजेचा. त्याचीही बायको इथे नर्स होती आणि तोही सुबोधसारखाच मुराफिक, म्हणजे बायकोच्या इकाम्याला, तिच्या इथे राहायच्या परवान्याला, जोडून आलेला माणूस. मुराफिकाच्या कार्डावर छापलेलंच असतं, काम करण्यास परवानगी नाही. शंकर एका मित्राच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसला. मित्र बायकोला दवाखान्यात घेऊन गेला होता, तेवढ्यापुरता. नेमकी त्याच दिवशी तपासणी आली. महिन्याभरात शंकरला परत पाठवलं, आणि पाठोपाठ त्याच्या बायकोने नोकरी सोडून मुलांसकट चंबूगबाळं आवरलं.

सुबोधने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की ती आपलीच वाटावी. तो सोलापूरकडच्या एका नगर परिषदेत अकरा वर्षं स्वच्छता निरीक्षक होता. सकाळी साडेपाचला हजेरी घ्यायची, चाळीस माणसं वाटून द्यायची, नाले, गटारं, बाजार, जत्रा. त्या नोकरीला तो कंटाळलेला असायचा आणि तसं सगळ्यांना सांगायचाही. बायकोला सौदीची नोकरी लागली तेव्हा त्याने आधी रजा घेतली, मग राजीनामा दिला. आता तो डबे करायचा, निधीचा अभ्यास घ्यायचा, स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात येरझारा घालायचा. मित्रांकडे जावं तर सगळे कामावर. तसं बघायला गेलं तर सुखात होता. असं सगळे म्हणायचे आणि तोही म्हणायचा.

तो वर गेला. निधीला उठवलं, दूध दिलं, तिचा लॅपटॉप लावून दिला. खिडकीतून खाली पाहिलं. बिनमोज्यांचा एक माणूस हात काखेत दाबून उभा होता. चहाला तर कुणी काम म्हणणार नाही, असा सुबोधने स्वतःशीच निवाडा केला, आलं ठेचून मोठं पातेलं चढवलं आणि सगळा चहा थर्मासात ओतून कागदी कप घेऊन पुन्हा खाली आला.

चहाला कुणी नाही म्हणालं नाही. माणसं गारांच्या ढिगाभोवती उकिडवी बसली आणि कप दोन्ही तळव्यांत धरून पिऊ लागली.

"तुमी काय करता इथं?" सिराजुद्दीनने विचारलं.

हा प्रश्न सुबोधला नवा नव्हता. एरवी तो "ऑनलाइन काहीतरी बघतो" असं सांगून वेळ मारून न्यायचा. आज कुणास ठाऊक का, खरं बोलला.

"काही नाही. बायकोच्या इकाम्यावर आहे. घरी असतो."

"मुराफिक." सिराजुद्दीनने मान डोलावली. "आनी गावी?"

"नगर परिषदेत होतो. स्वच्छता निरीक्षक."

"आरं वा. म्हंजे आमचेच साहेब की." तो हसला, त्याच्या मागच्यांना त्याने हिंदीत सांगितलं, आणि तेही हसले. त्या हसण्यात चेष्टा नव्हती. सुबोधला बरं वाटलं, आणि इतकं बरं वाटलं की थोडं रडूही आलं. त्याने कप गोळा करण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

तेव्हाच त्याचं लक्ष गल्लीच्या खालच्या टोकाला गेलं. शेवलने खरवडलेल्या गारांचा मोठा डोंगर तिथे उभा राहिला होता, नेमका गटाराच्या जाळीवर.

"सिराजभाई, तो ढीग तिथे कुणी घालायला सांगितला?"

"सांगितलंय खाली ढकला. आमी ढकलतो."

"अहो, पण जाळी बुजली ना. दहा वाजता ऊन पडलं की हे वितळायला लागेल. पाणी जाणार कुठे? समोरच्या त्या तीन घरांची गॅरेजं रस्त्याच्या खाली आहेत."

सिराजुद्दीनने टोपी मागे सारून पाहिलं. "मंग?"

"मंग काय. जाळी मोकळी करायची आधी. ढीग दोन्ही बाजूंना भिंतीला धरून लांबट लावायचा, मध्ये पाण्याला वाट ठेवायची. आणि दारांसमोर मोकळं सोडायचं, माझ्यासारखा कुणी आत अडकायला नको."

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं त्याची आई म्हणायची. पण हा न्हावी तुंबड्या बरोबर जागी लावत होता. सिराजुद्दीन दोन क्षण विचार करून शेवलवर चढला. सुबोध दाराच्या पायरीवर उभा राहून हात करून दाखवू लागला, अजून मागे, डावीकडे, बस. नुसता हात दाखवणं म्हणजे काही काम नव्हे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात त्याला, आणि त्याला कुठल्याही देशात परवाना लागत नाही.

पण पायरीवरून जाळी दिसेना. मग तो खाली उतरला. मग शेवलच्या मागून वळसा घालून पलीकडे गेला. सिराजुद्दीनने कचकन ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, मागं फिरू नका. मला आरशात दिसत नाय तुमी."

त्याचं बरोबर होतं. नगर परिषदेत सुबोधचा हाच तर नियम होता. मशीन चालू असताना जॅकेट नसलेला माणूस आसपास दिसला की तो त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कापायचा. त्यावरून युनियनशी भांडलाही होता. नियम म्हणजे नियम, मग तो साहेबालासुद्धा.

"जास्तीचं जॅकेट आहे का?"

सिराजुद्दीनने सीटखालून एक मळकं केशरी जॅकेट काढून फेकलं. सुबोधने ते स्वेटरवर चढवलं, पट्टा ओढून घेतला. एवढी साधी गोष्ट. पण जॅकेट अंगात गेलं आणि त्याची पाठ ताठ झाली, आवाज पोटातून येऊ लागला. बिनमोज्यांच्या माणसाकडून त्याने खोरं घेतलं, "तू हाथ गरम कर पहले," म्हणाला, आणि जाळीवरच्या गोठलेल्या गारा फोडायला लागला.

अर्धा तास गेला असेल, किंवा थोडा जास्तच. सुबोधला घाम आला होता. जाळीचा एक कोपरा उघडा पडला आणि आत पाणी गुळगुळ करत गेलं, तो आवाज त्याने दोन वर्षांनी ऐकला. गटाराचा आवाज कुणाला आवडेल, पण त्याला आवडला. मागे एकाने ढीग पुन्हा चुकीच्या बाजूला टाकला, तसा सुबोध खेकसला, "अरे, आँखें कहाँ हैं तेरी? कितनी बार बोलना पड़ता है?" तो माणूस गुपचूप मागे सरला. सकाळी याच माणसाला सुबोधने पहिला कप दिला होता. शेवलच्या खिडकीतून सिराजुद्दीन हसून म्हणाला, "साहेबांना नोकरी सापडली." सुबोधला खेकसल्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटायला त्याला सवडच नव्हती, इतका तो खुशीत होता.

आणि म्हणूनच गल्लीच्या वरच्या तोंडाला वळलेली पांढरी पिकअप त्याने पाहिली नाही. ती उंचावर बसलेल्या सिराजुद्दीनने पाहिली. गाडीच्या दारावर बलदियाची खूण होती. तपासनीस कामावर येऊन टोळीची यादी आणि माणसं पडताळून बघायचा. यादीत सहा नावं होती. गल्लीत सात जॅकेटं होती. सातवं कुणाचं, आणि त्याचं कार्ड कुठे, हा त्याचा पहिला प्रश्न असणार होता. त्या प्रश्नाच्या उत्तराने सुबोधचं घर उठलं असतं आणि बाहेरचा माणूस कामाला लावल्याबद्दल सिराजुद्दीनही गेला असता.

सिराजुद्दीन शेवल चालूच ठेवून खाली उतरला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण चार ढांगांत सुबोधपाशी आला आणि त्याने त्याच्या हातातलं खोरं धरलं.

"सोडा."

"का? थोडंच राहिलंय."

"सोडा साहेब. तपासणी आली. बायकोपोरीचा विचार करा."

सुबोधने मान वर केली. पिकअप शंभर पावलांवर होती. त्याला सगळं कळलं आणि तरी हात सुटेना. बोटं खोऱ्याच्या दांड्यावर घट्ट आवळलेली, भीतीने म्हणा की आणखी कशाने. सिराजुद्दीनने हिसडा मारून खोरं काढून घेतलं, जॅकेटचा पट्टा सोडला, आणि जॅकेट ओरबाडून काढता काढता गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायला लागला.

"कितनी बार बोला, हट इधर से! कंपनी का माल है, उतार! यल्ला, बर्रा! हमारे काम में टाँग अड़ाता है? काम का इतना शौक है तो दूसरा काम ढूँढ! औरत की कमाई खाता है ना? तो बैठ जा औरत के घर में, चूड़ी पहन के!"

शेवटचं वाक्य बसलं. जिथे बसायचं तिथेच बसलं. हे अजून कुणी त्याच्या तोंडावर म्हटलं नव्हतं. सासुरवाडीच्या लोकांनी नाही, मित्रांनी नाही. तो स्वतः मात्र रोज म्हणायचा. सुबोधच्या कानशिलांतून जाळ निघाला आणि मूठ वळली ती खरोखरच मारण्यासाठी वळली.

पिकअप त्यांच्यापाशी येऊन थांबली. काच खाली झाली तेव्हा तपासनिसाला दिसला तो एक बिनजॅकेटचा, स्वेटरातला, अपमानाने लालबुंद झालेला सभ्य गृहस्थ, आणि त्याच्यावर खोरं उगारून उभा असलेला आपला मजूर. यात खोटं असं काहीच दिसत नव्हतं.

तपासनीस पंचविशीचा होता. डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल, पांढऱ्या झग्यावर जाड जाकीट. तो उतरला, आधी त्याने टॅब्लेटवर बोट फिरवत माणसं मोजली, सहा, आणि मग स्वच्छ इंग्रजीत सुबोधला विचारलं, "सर, तुम्ही इथे राहता?"

"हो. वर. सगळ्यात वरच्या मजल्यावर." आपलाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

"हा माणूस तुमच्यावर ओरडत होता. मी गाडीतून ऐकलं."

"काही नाही. इट इज ओके."

"नाही सर, ओके नाही." तरुण खरंच दुखावलेला दिसत होता. त्याची नजर पायरीवरच्या थर्मासाकडे आणि कागदी कपांकडे गेली. "हा चहा तुम्ही आणलात?"

"हो."

"या थंडीत तुम्ही यांच्यासाठी चहा करून आणता, आणि हा तुमच्याशी असं बोलतो?" तो सिराजुद्दीनकडे वळला आणि अरबीत बोलला. रागाने नाही, शिक्षक बोलतात तसं. सुबोधला त्यातले तुटक शब्द कळले. पाहुणा. शरम. वय.

सिराजुद्दीन मान खाली घालून उभा होता. खोरं त्याने बाजूला टेकवून ठेवलं होतं.

"मी त्याच्या नावावर तक्रार लिहितो," तपासनीस सुबोधला म्हणाला. "तुम्ही फक्त नाव आणि फोन नंबर द्या. लोक आमच्या माणसांना वाटेल तसं बोलतात, ते आम्ही चालवून घेत नाही. मग आमच्या माणसांनी लोकांना बोललेलं कसं चालवून घ्यायचं?"

किती बरोबर बोलत होता तो. सुबोधच्या जिभेवर खरं आलं होतं. हा ओरडला नाही, यानं मला वाचवलं. एवढं म्हणायला दोन सेकंद लागले असते. त्याने सिराजुद्दीनकडे पाहिलं. सिराजुद्दीनने डोळे उचलून फक्त एकदा पाहिलं आणि बारीक मान हलवली. नाही.

"नको," सुबोध म्हणाला. "प्लीज. लिहू नका. माझी तक्रार नाही."

"तुम्ही मोठ्या मनाचे आहात, सर." तपासनिसाने टॅब्लेट काखेत घेतला. "मग निदान त्याने माफी मागावी."

"मालेश," सिराजुद्दीन लगेच म्हणाला. चुकलं, माफ करा.

"अशी नाही," तपासनीस म्हणाला.

कशी, ते सिराजुद्दीनला सांगावं लागलं नाही. सव्वीस वर्षांत त्याने पाहिलं होतं. इथे धाकटा मोठ्याची, चुकलेला दुखावलेल्याची माफी मागतो ती डोक्याचं चुंबन घेऊन. त्याने माकडटोपी काढून खिशात कोंबली. खालून निघालेले केस विरळ आणि पांढरे होते. तो पुढे आला, पण तो सुबोधहून वीतभर बुटका होता. टाचा उंचावूनही त्याला पुरेना. तेव्हा सुबोधला वाकावं लागलं.

वयाने एवढा मोठा माणूस समोर आला की सुबोधच्या अंगाला वाकायची एकच रीत माहीत होती. कंबर वाकली, हात आपोआप खाली, त्या रबरी बुटांच्या दिशेने निघाले. सिराजुद्दीनने त्याचे खांदे पकडले आणि घट्ट धरून ठेवले.

"एवढं नको," तो कानाशी पुटपुटला. "बघतोय तो. गप उभे ऱ्हावा."

मग सुबोधच्या कपाळाच्या वर, केसांत, गार दाढी टेकली. एक क्षण. मागे पाचही जण खोरी थांबवून बघत होते. ज्याच्यावर सुबोध मघाशी खेकसला होता, तो माणूस आधी जरा हसला. त्या खेकसण्याची थोडी भरपाई झाली असं त्याला वाटलं असावं, पण आपल्या मुकादमाला त्याच साहेबापुढे असं उभं राहिलेलं बघून ते हसू गेलं.

"शुक्रन, सर," तपासनिसाने सुबोधशी हात मिळवला. "तुमच्यासारखे रहिवासी सगळीकडे असते तर. आता घरात जा, बाहेर फार थंडी आहे." आणि गाडीत बसता बसता तो टोळीकडे वळून मोठ्याने म्हणाला, "यअतीकुम अल आफिया." काम करत असलेल्या माणसाला इथे सगळे असं म्हणतात, देव तुम्हाला बळ देवो. सहाही जणांनी एका आवाजात उत्तर दिलं. ते सुबोधसाठी नव्हतं.

पिकअप खालच्या गल्लीत वळेपर्यंत कुणी हललं नाही. मग सिराजुद्दीनने टोपी घातली आणि शेवलकडे चालू लागला.

"सिराजभाई."

"जावा साहेब वर." तो वळला नाही. "तो परत फिरून येतो कधीकधी."

"मी खरं सांगायला हवं होतं."

सिराजुद्दीन पायरीवर एक पाय ठेवून थांबला. आता तो वळला, पण त्याच्या चेहऱ्यावर सकाळचा म्हसळ्याचा माणूस नव्हता. थकलेला होता. "सांगून कोणाचं भलं झालं असतं? तुमचं नाय, माझं नाय." दांडा धरून तो वर चढला. "आनी ते बायकोचं बोललो ना मी. तोंडात आलं. तुमी मनावर घेऊ नका."

शेवलची घरघर वाढली. सुबोधने थर्मास उचलला, कप एकात एक घातले. तीन कपांत चहा तसाच राहिला होता, गार. तो त्याने भिंतीकडेला ओतला आणि अंग चोरून दारातून आत गेला. जिना चढताना फोन वाजला. अर्चनाचा मेसेज होता, आत्ता जरा सवड मिळाली, तू खाली नाहीस ना? त्याने लिहिलं, नाही. घरीच आहे.

निधी खिडकीशी उभी होती. हेडफोन गळ्यात उतरवलेला, मागे लॅपटॉपवर शिक्षिकेचा रिकामा चौकोन. मधली सुट्टी झाली होती.

"पप्पा, दॅट अंकल किस्ड युअर हेड," ती म्हणाली. "व्हाय?"

"तू कधीपासून बघतेयस?"

"जस्ट नाऊ. ब्रेक हुआ तब. व्हाय डिड ही किस यू?"

सुबोधने थर्मास ओट्यावर ठेवला. निधी नऊ वर्षांची होती. तिचा स्वभाव तो जाणून होता, कुणाला सांगू नकोस म्हटलं की ती आधी मैत्रिणीला सांगायची, आणि मैत्रिणीची आई अर्चनाच्याच वॉर्डात होती.

"माफी मागत होता," तो म्हणाला.

"क्यूँ? व्हॉट डिड ही डू?"

"ओरडला माझ्यावर."

"बट यू गेव्ह देम चाय!" तिचे डोळे मोठे झाले. तिने पुन्हा काचेला नाक लावून खाली पाहिलं. खाली शेवल जाळीपासून मागे येत होता आणि माकडटोपी घातलेलं डोकं आरशात बघत होतं. "दॅट इज सो रूड. ही इज अ बॅड मॅन. ना, पप्पा?"

सुबोधने नळ सोडला. पाणी बर्फासारखं होतं. निधी वळून त्याच्याकडे बघत उभी होती. उत्तर मिळाल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"हो बाळा," तो म्हणाला, आणि थर्मास विसळायला घेतला.